आठ मुलांचं सुवर्णपदक

तांब्याची चकती कॉस्टिक सोडा आणि झिंकच्या पुडीच्या गरम द्रावणात थोडा वेळ ठेवली की चांदीसारखी दिसायला लागते. तीच चकती धुऊन, पुसून मंद आचेवर धरली की बघता बघता सोन्यासारखी होते. चांदी म्हणजे झिंकचा थर आणि सोनं म्हणजे पितळ. आत तांबं तेच असतं. हा प्रयोग मी एमएस्सीला असताना पहिल्यांदा केला होता. दुसऱ्यांदा केला तो रियाधमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, अवनीचा पोहण्याचा चष्मा डोळ्यांना लावून.

अवनी, माझी मुलगी, तेव्हा नववीत होती. इंडियन स्कूलच्या मुलींच्या विभागात समाजशास्त्राचं प्रदर्शन होतं आणि तिच्या गटाला विषय मिळाला होता, हिटलरच्या जर्मनीतल्या स्त्रिया.

"आई, चार मुलं झाली की ब्रॉन्झ, सहा झाली की सिल्व्हर आणि आठ झाली की गोल्ड," ती पुस्तक उघडं ठेवून मला सांगत होती. "मेडल. सरकारकडून. इमॅजिन."

"आणि दोन मुलं असली तर?"

"मग काहीच नाही. आणि एकच असली तर तू तर आऊटच."

खरं पदक क्रॉसच्या आकाराचं होतं आणि त्याच्या मधोमध नाझींची खूण होती. यातलं काहीही रियाधमधल्या शाळेत मांडता येणार नव्हतं. इतिहास शिकवणाऱ्या फरहाना मॅडमनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. "गोल कर. विषय मेडलचा आहे, आकाराचा नाही." फरहाना दापोलीजवळच्या खेड्यातली. मुलींशी इंग्रजीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत, आणि खूश असली किंवा चिडली की तिच्या मराठीत गावचा सूर उतरायचा.

त्या दिवसांत ती माझ्यावर खूश नव्हती. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई नवऱ्यासह केरळला परत गेल्या होत्या. परदेशी नोकरदारांच्या कुटुंबीयांवर सरकारने माणशी फी सुरू केल्यापासून अशी पुष्कळ घरं आवरली जात होती. त्यांच्या जागेसाठी फरहानाने माझं नाव सुचवलं होतं, मुलाखतही झाली होती आणि आता फक्त एक कागद उरला होता. मी श्रीपादच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, राहणारी. शाळेला त्याच्या संमतीची सही हवी होती. मुदत येत्या रविवारपर्यंत, इथे आठवडा रविवारी सुरू होतो.

"अगो शालिनी, सही म्हंजे दोन सेकंदांचा काम," फरहाना फोनवर म्हणाली. "तुझा नवरा काय कोरून काढणार हाय काय?"

"बघू म्हणालाय."

"कधी बघणार? रविवारनंतर मी दुसऱ्या बाईला बघणार."

श्रीपाद वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. शुक्रवारी कणीक तोच मळतो आणि माझ्यापेक्षा चांगली मळतो. तो एका बँकेच्या आयटी विभागात होता. त्याच्या विभागातले तीन भारतीय त्या वर्षी घरी गेले होते आणि त्यांच्या जागी सौदी मुलंमुली आली होती. मुनीरा नावाच्या एका मुलीला तो स्वतःच काम शिकवत होता. ती हुशार होती आणि जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाल्यापासून स्वतःची गाडी चालवत यायची, हे तो कौतुकाने सांगायचा. ती पूर्ण शिकली की आपलं काय, हे मात्र सांगायचा नाही. "माझंच काही ठरत नाही, त्यात तुझं कुठे सुरू करायचं," एवढंच म्हणायचा. तुझं ठरत नाही म्हणूनच माझं सुरू करू या, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू. कागद गाडीत ठेव, बँकेत जाताना करतो." मी कागद गाडीच्या कप्प्यात ठेवला. त्यावर टिश्यूचा डबा आला, त्यावर पार्किंगच्या पावत्या आल्या.

तर मी बाल्कनीत पदकं करत होते. बत्थाच्या बाजारातल्या एका दुकानदाराने तांब्याच्या पत्र्याच्या गोल चकत्या कापून दिल्या होत्या. काही तशाच ठेवल्या, ते कांस्य. काही चांदीच्या केल्या. तीन सोन्याच्या केल्या, आणि तिसरी पिवळी होत असताना इतकं बरं वाटलं की मी अवनीला हाक मारून चौथीही करून दाखवली. निळी फीत घरातच होती. श्रीपाद आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सचिव होता आणि मंडळाच्या 'आदर्श गृहिणी' पदकांसाठी त्याने निळ्या फितीचं अख्खं रीळ आणलं होतं. उरलेलं अवनीने घेतलं.

या स्पर्धेबद्दल सांगायला हवं. मंडळाचे अध्यक्ष मोघेसाहेब आणि कार्यकारिणीतले पुरुष दर वर्षी घरोघरी चहाला येत. घराची टापटीप, पदार्थांची चव, मुलांचे मार्क, आतिथ्य अशा गोष्टींना गुण देत. एकदा मोघेसाहेबांनी पाणी हवं म्हणून आमचा फ्रिज स्वतः उघडला होता आणि अगदी खालच्या कप्प्यापर्यंत पाहून मग बाटली घेतली होती. कार्यकारिणीत बाई नव्हती. नियमानुसार सभासद नवरा, आणि बायको त्याच्या सभासदत्वावर. कुणाचा हेतू वाईट नव्हता. नियम करताना इकाम्याचीच पद्धत डोळ्यांसमोर होती, एवढंच. कुणी नाराज होऊ नये म्हणून पदक प्रत्येकीलाच मिळायचं, फक्त सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असा फरक असायचा.

मंडळाची पदकं तयार होऊन आली, तीही गोल. श्रीपादने ती नीट न पाहताच हुफूफच्या खजुराच्या रिकाम्या डब्यात ठेवली. अवनीनेही तिची पदकं खजुराच्या रिकाम्या डब्यात ठेवली. बँकेतल्या मंडळींनी ईदला दिलेले ते डबे आमच्याकडे एकसारखे पाच होते आणि त्यांत मी डाळी ठेवायचे. पुढे काय होणार हे कुणीही सांगू शकलं असतं, पण शुक्रवारी सकाळी श्रीपाद घाईत होता.

मेळावा शहराबाहेरच्या एका इस्तिराहात होता. हे भाड्याने मिळणारं, उंच भिंतीआडचं अंगण. आत हिरवळ, पोहण्याचा हौद आणि एक मोठी बैठकीची खोली. भिंतीच्या बाहेर वाळू आणि आत पुरणपोळीचा वास. जेवणाआधी पदकं द्यायची असं ठरलं, कारण जेवणानंतर कुणी ऐकत नाही.

मोघेसाहेबांनी माइक हातात घेतला. "घराची खरी मालकीण ही गृहिणी असते," त्यांनी सुरुवात केली.

"मग गाडीची किल्ली माझ्याकडे द्या," समोरच्या रांगेतून सरोज म्हणाली. सरोज म्हणजे त्यांचीच बायको. दर वर्षी सुवर्णपदक तिलाच मिळायचं, आणि मोघेसाहेब ते तटस्थपणे द्यायचे.

श्रीपाद डब्यातून पदक काढून द्यायचा आणि मोघेसाहेब ते गळ्यात घालायचे. वाचायचा चष्मा ते गाडीत विसरले होते. पदकांच्या पुढच्या बाजूला काही लिहिलेलं नाही हे श्रीपादच्या लक्षात आलं, पण छपाई मागे असेल असं त्याला वाटलं. मागे काहीतरी चिकटवलेलं दिसत होतंच. मी मागच्या बाजूला पुरणपोळ्या झाकत होते. पहिलं सोनं उन्हात चमकलं तेव्हाच मी ते ओळखलं. विकतच्या सोनेरी रंगाला तशी चमक नसते. पण मी पोचेपर्यंत डबा रिकामा होऊन दहाबारा जणींच्या गळ्यात पदकं पडली होती.

सरोजने तिचं पदक उलटून पाहिलं. मागे अवनीच्या सुबक इंग्रजीत कागद चिकटवलेला होता. सरोजने तो मोठ्याने वाचला आणि मग मराठीत सांगितला.

"'सुवर्ण. आठ किंवा अधिक मुलं असलेल्या मातेस, राष्ट्राकडून.'" तिने वर पाहिलं. "अहो, आपल्याला तर दोनच आहेत. बाकीची सहा कुठे ठेवली आहेत तुम्ही?"

हसण्याची लाट आली ती थांबेचना. जिला तिला आपलं पदक उलटून पाहायचं होतं. "मला रौप्य. म्हणजे सहा." "मला चारच, पण माझं लग्न गेल्या वर्षी झालंय, जरा दमानं घ्या." पुरुषही हसत होते. मोघेसाहेब तेवढे माइक धरून उभे होते आणि "तांत्रिक चूक, तांत्रिक चूक," म्हणत होते, तेही माइकवरून.

अवनी माझ्या शेजारी गोठून उभी होती. "आई, दॅट्स माय प्रोजेक्ट," ती कुजबुजली. "बाबा माझा डबा घेऊन आले."

"ये इकडे," सरोजने तिला बोलावलं. "हे काय आहे ते सांग. आठ मुलांवर कोण मेडल देतं?"

अवनीने प्रदर्शनासाठी बोलायचं पाठ केलेलं होतं, आणि पाठ केलेलं असलं की ती घाबरत नाही. तिने ते अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. १९३३ साली जर्मनीत लग्नासाठी सरकार कर्ज द्यायचं. अट एकच, बायकोने नोकरी सोडायची. मूल झालं की कर्जाचा चौथा हिस्सा माफ. चार झाली की सगळंच माफ. नंतर ही पदकं आली. बाईचं जग म्हणजे नवरा, मुलं आणि घर, असं नेते भाषणांतून सांगायचे.

"आणि पदक सगळ्या आयांना नव्हतं," अवनी म्हणाली. "फक्त सरकारला ज्यांचं रक्त चांगलं वाटायचं त्यांना. ज्यू आयांना नाही. त्यांना आणि त्यांच्या मुलांना तर त्यांनी मारलं."

हसणं थांबलं. कुणीतरी गळ्यातलं पदक हातात घेऊन पुन्हा पाहिलं.

"मग युद्धात माणसं कमी पडल्यावर त्याच बायकांना कारखान्यात बोलावलं," अवनीने पुढे सुरू केलं. "आणि हिटलर गेल्यावर सगळं संपलं असं मला वाटलेलं, पण फरहाना मॅम म्हणाल्या, पुढे वाच. वेस्ट जर्मनीत १९५८ पर्यंत नवरा बायकोची नोकरी परस्पर बंद करू शकायचा. तिच्या ऑफिसला कळवायचं, की झालं. आणि घरकाम नीट सांभाळलं तरच नोकरी, हा कायदा तर १९७७ पर्यंत होता. एवढंच. थँक यू."

टाळ्या वाजल्या. आधी बायकांच्या बाजूने, मग सगळीकडून. सरोज मात्र टाळी वाजवत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवत असल्याचा भाव होता आणि मला त्याची भीती वाटली.

"श्रीपाद भावजी," ती म्हणाली, "आमच्या शालिनीच्या शाळेतल्या नोकरीचं काय झालं हो? सही राहिली होती ना तुमची?"

श्रीपादच्या हातात खजुराचा डबा होता. त्याने तो या हातातून त्या हातात घेतला. "अं, तो कागद," तो म्हणाला. "तो शोधायला हवा."

कागद गाडीच्या कप्प्यात होता. टिश्यूच्या डब्याखाली. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि अंगणातली सगळी माणसं आता माझ्याकडे पाहत होती. एक वाक्य बोलले असते तर सही तिथेच झाली असती. मोघेसाहेबांनी माइकवरून साक्ष दिली असती. पण तशी सही मला नको होती. टाळ्यांच्या आवाजात केलेली सही रविवारी शाळेत चालली असती, आमच्या घरात चालली नसती.

"तो आमच्या घरचा विषय आहे, सरोज," मी म्हणाले. "पोळ्या गार होतायत."

सरोजने माझ्याकडे जरा रागाने पाहिलं, मग उठली. "चला. आठ मुलांच्या आईला भूक लागली आहे."

जेवणानंतर अवनी पदकं परत मागायला गेली तर कुणी देईना. "मिळालेलं बक्षीस परत करतात का?" "माझ्या सासूबाईंना फोटो पाठवलाय, सहा मुलं म्हणून." सरोज तर म्हणाली, "इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा खरं सोनं मिळालंय." ते पितळ आहे हे मी सांगितलं. तिला फरक पडला नाही.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. पेट्रोल संपत आलं होतं. पंपावर पोचलो आणि मगरिबची अजान झाली. दिवे मंदावले, पंपावरचा माणूस साखळी लावून नमाजाला गेला. आमच्या पुढे दोन गाड्या आणि मागे एक. थांबण्याशिवाय काही करायचं नव्हतं.

"अवनी," श्रीपाद आरशातून म्हणाला, "ते साल कुठलं म्हणालीस?"

"कुठलं? फिफ्टीएट की सेव्हंटीसेव्हन?"

"दुसरं."

"घरकाम सांभाळून मग नोकरी. सेव्हंटीसेव्हनपर्यंत."

"माझा जन्म झाला तेव्हा."

"यू आर दॅट ओल्ड, बाबा."

तो हसला नाही. त्याने हात लांब करून माझ्यासमोरचा कप्पा उघडला, पावत्या बाजूला केल्या, टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि कागद बाहेर काढला. मी पेन दिलं. त्याने लगेच सही केली नाही. तो बँकेतला माणूस, सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचतो. मोबाइलच्या उजेडात त्याने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबला.

"'ही संमती मी कोणत्याही वेळी, कारण न देता, मागे घेऊ शकतो,'" त्याने वाचलं. "तू हे वाचलं होतंस?"

"हो."

"बोलली नाहीस."

"तू सही करायला घेशील तेव्हा वाचशीलच, असं वाटलं."

मागे अवनी पुढे वाकून बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

श्रीपादने त्या ओळीवर एक रेघ मारली. सरळ, पट्टी धरल्यासारखी. रेघेशेजारी त्याने छोटी सही केली, बँकेत खाडाखोडीशेजारी करतात तशी, आणि खाली मोठी सही करून तारीख घातली.

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "मुनीरा माझ्या जागी येणार. तू नोकरीवर जाणार. मग मी घरी काय करणार, असं वाटत होतं. मूर्खपणाच आहे."

"कणीक मळशील," मी म्हणाले.

"ती तर मळतोच."

"मग बदलणार काहीच नाही."

आता तो हसला. थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या सहीशिवाय चाललं असतं तर जास्त बरं झालं असतं."

"हो," मी म्हणाले. पंपावरचा माणूस परत आला आणि त्याने साखळी काढली.

रविवारी शाळेच्या कार्यालयातल्या बाईंनी कागद पाहिला आणि मान हलवली. "काटछाट नहीं चलेगा, मैडम. नया फॉर्म लाइए." नवा कागद म्हणजे तीच ओळ पुन्हा. मी काही बोलायच्या आत फरहानाने मागून हात घालून कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"यह काटछाट नहीं है," ती त्या बाईंना म्हणाली. "साइन किया है बाजू में. बैंक में चलता है, तो यहाँ भी चलेगा." मग माझ्याकडे वळून, हळूच, "नवरा बरा हाय गो तुझा. उशिरा हाय, पण बरा हाय." कागद आत गेला.

अवनीच्या टेबलाचा प्रश्न उरला होता. तिच्याकडे आता एकही जर्मन पदक नव्हतं आणि माझ्याकडे एकही चकती नव्हती. होता तो दुसरा डबा, मंडळाच्या पदकांचा. निळ्या फितीची, सोनेरी, रुपेरी, तांबूस. प्रत्येकावर छापलेलं, 'आदर्श गृहिणी'. अवनीने बराच विचार केला आणि तीच मांडली. समोर पाटी लावली: जर्मनी, १९३९ ची पदके बायकांनी परत दिली नाहीत. त्याऐवजी रियाध, २०१८.

फरहानाने पाटी वाचली आणि तिला हसू आवरेना. "ठेव. जाम ठेव." त्या दिवशी मुलींच्या आया प्रदर्शन पाहायला आल्या होत्या आणि त्या टेबलापुढे सर्वांत जास्त वेळ गर्दी होती. मोघेसाहेबांना हे सरोजने सांगितलं. त्यांनी पुढच्या वर्षीची स्पर्धा तहकूब केली आणि कार्यकारिणीत दोन जागा बायकांसाठी ठेवल्या. एक सरोजने न विचारता घेतली. फ्रिज बघायला आता ती येईल, अशी धमकी तिने श्रीपादला दिली आहे.

माझा पहिला तास नववीचा होता. मी टेबलावर तांब्याची एक चकती ठेवली होती, नव्या पत्र्यातून कापून आणलेली, आणि मुलींना सांगत होते की हिची चांदी होईल, मग सोनं होईल, आणि खरं तर दोन्ही होणार नाही. तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. सरोजचं नाव होतं. मधल्या सुट्टीत मी तिला फोन केला.

"शालिनी, माझं सोनं काळं पडायला लागलंय गं. आता काय करू?"

"लिंबू आणि मीठ लाव. हलक्या हाताने चोळ, मग धुऊन कोरडं कर."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि सरोज, शाळेच्या वेळेत फोन करू नकोस. मी तासावर असते."

"हो बाई," ती म्हणाली, आणि मग तिच्या घरातल्या कुणाला तरी, बहुधा मोघेसाहेबांनाच, मोठ्याने सांगितलं, "अहो, लिंबू आणा."